ताईने तिसरा भाग आधीच बघितला होता

मंडळी, आज फार लागलंय मनाला.

ताई लग्न होऊन निफाडला गेलीये. सुपरपॉवरवाल्या गुप्तहेरांची नवी सिरीज आम्ही दोघी फोन चालू ठेवून एकत्रच बघतो. पहिले दोन भाग तिला संथ वाटले, मला भारी. त्यावरून भांडलोही मनसोक्त.

आज तिसरा भाग. नायिकेला तिच्याच साहेबाने शत्रूच्या हवाली केलं आणि मी किंचाळले. ताईही म्हणाली, "अगं बाई!"

तेवढ्यात मागून तिच्या धाकट्या जावेचा आवाज आला, "ताई, हा तर कालच बघितला ना आपण?"

ताई हळूच म्हणाली, "ती लयच मागे लागली गं."

मी फोन ठेवून दिला. बघितलंस तर सांगायचं ना! खोटं दचकायचं कशाला?

आता तिचा फोन वाजतोय. तुम्ही उचलला असता?