बिनगोंड्याची कानटोपी

कार्तिक वद्य प्रतिपदा, सकाळी साडेसात. स्थळ: नारायण पेठेतल्या आमच्या बोळातलं गणपतीचं देऊळ. उपस्थित: गुरुजी, तळमजल्यावरचे निवृत्त शिक्षक अण्णा, तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहणारी यवतमाळची प्राजक्ता (नोकरी हिंजवडीला), माझी पत्नी वृंदा, आणि मी, देवळाच्या समितीचा सेक्रेटरी. अनुपस्थित: काकू.

काकूंचं नाव तिथे लिहायला नको होतं. वैशाखात गेलेल्या माणसाला कोणी अनुपस्थित म्हणत नाही. सवयीने लिहून गेलो, आणि लिहिल्यावर खोडवेना.

"हात पुढे करा."

काकूंच्या घरी कोणीही गेलं की पहिलं वाक्य हे. बसा नाही, पाणी घेता का नाही. तुम्ही हात पुढे केलेत की त्या दोन मनगटांवर लोकरीची लडी चढवायच्या आणि समोर बसून गुंडा वळायला लागायच्या. आता तुम्ही अडकलात. उठता येत नाही, फोन घेता येत नाही, नाक खाजवता येत नाही. असा बांधलेला माणूस दुसरं काय करणार? बोलायला लागतो. गॅसचा माणूस, समितीचे अध्यक्ष, माझी सासू, सगळे त्या खुर्चीत बसून मनातलं बोलून गेले होते. तुमच्या ओळखीतही अशी एखादी बाई असेल, जिच्याकडे गेलं की ठरवलेलं सोडून भलतंच बोललं जातं.

काकू पोस्टातून निवृत्त झालेल्या. देवळाच्या वरच्याच खोल्यांत एकट्या राहायच्या. आणि आमच्या गणपतीचे कपडे त्यांच्याकडे असायचे. चैत्रात चंदनाची उटी आणि मोगरा, पावसाळ्यात एक पातळ उपरणं, आणि त्रिपुरी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी शाल आणि कानटोपी. आमच्या पुण्यात देवालाही थंडी वाजते, त्यात कोणाला काही नवल वाटत नाही.

नवल होतं ते टोपीच्या लोकरीचं. काकू नवी लोकर आणत नसत. दरवर्षी बोळातल्या एका घरातून एक जुना स्वेटर मागून घ्यायच्या, तो उसवायच्या, लोकर धुऊन वाळवायच्या आणि त्याची टोपी विणायच्या. पहिली टोपी त्यांच्या यजमानांच्या स्वेटरची होती. ते गेले त्याच वर्षीची.

दुसरी त्यांची रीत होती सांगण्याची. टोपी घालायच्या दिवशी जमलेल्या प्रत्येकाने गेलेला ऋतू कसा गेला ते देवाला मोठ्याने सांगायचं, आणि शेवटी म्हणायचं, "बरं केलंस, देवा." सगळ्यांचं सांगून झालं की काकू टोपीच्या शेंड्याला लोकरीचा गोंडा शिवायच्या. आधी कधीच नाही. "गोंडा शेवटी," हे त्यांचं दुसरं ठरलेलं वाक्य.

त्या स्वतः कशा सांगायच्या ते ऐकण्यासारखं होतं. "देवा, पाऊस बरा झाला. छत गळलं, पण पलंग सोडून गळलं. डावा गुडघा गेला, उजवा आहे. बरं केलंस." यजमान गेले त्या वर्षी काय म्हणाल्या, ते अण्णा सांगतात. "देवा, या खेपेला तू मला विचारलं नाहीस. मला राग आहे. स्वेटर राहिला होता, त्याची ही टोपी. बरं केलंस, असं मी म्हणते आहे. पटायचं तेव्हा पटेल."

मी समितीचा सेक्रेटरी असल्यामुळे मला हा कार्यक्रम लांबतो एवढंच दिसायचं. माझं स्वतःचं सांगणं एका दमात व्हायचं. मुलीचं कॉलेज, आईचा मोतीबिंदू, नवा गीझर, बरं केलंस. अण्णा म्हणायचे, "हा देवाला वाणसामानाची यादी वाचून दाखवतो." मला त्यात काही वावगं वाटत नसे. देवाचाही वेळ वाचला पाहिजे.

हिंजवडीच्या एका कंपनीत मी बसगाड्यांचं काम बघायचो. कोणती बस कोणत्या चौकातून किती वाजता, कोण कुठे चढणार, एखादी बंद पडली तर दुसरी कुठून आणायची, हे सगळं माझ्याकडे. गेल्या वर्षी गणपती विसर्जनानंतर कंपनीने हे काम बाहेर दिलं आणि मला घरी जायला सांगितलं. माझ्या निम्म्या वयाच्या मुलीने खोलीत बोलावून, पाण्याचा ग्लास पुढे करून सांगितलं. फार नीट सांगितलं. मी तिला थँक्यू म्हणालो.

घरी मात्र काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी डबा घेतला, कंपनीची पिशवी खांद्याला लावली, आणि बाहेर पडलो. तिसऱ्या दिवशीही. पगाराच्या तारखेला कंपनीने निघताना दिलेल्या रकमेतून घरात पैसे द्यायचो. सकाळी नदीकाठ, दहानंतर मंडई, दुपारी एखादं वाचनालय. ओळखीचं कोणी दिसलं की रस्ता बदलायचा. आयुष्यभर दुसऱ्यांना वेळेवर पोचवणारा माणूस दिवस कुठे घालवायचा याची जागा शोधत होता. एवढी लाज मला पूर्वी कधी वाटली नव्हती, आणि ती वाटते हे कोणाला कळेल याची त्याहून जास्त वाटत होती.

मंडईत काकूंनी मला गाठलं. मी नारळवाल्याच्या मागे उभा होतो, खरं सांगायचं तर लपलो होतो. त्या शेवंती घ्यायला आल्या होत्या. ऐन कामाच्या दिवशी, भर सकाळी, गळ्यात ओळखपत्राचा पट्टा नसलेला मी आणि खांद्यावर कंपनीची पिशवी.

"अहो सेक्रेटरी, बरे भेटलात. ही फुलं धरा."

बस्स, एवढंच. सुट्टी आहे का, तब्येत बरी आहे का, काही नाही. मी फुलं धरून त्यांच्या मागून घरापर्यंत आलो. आमचं घर त्याच जिन्यावर. वृंदाचा आवाज आला तेव्हा काकू माझ्या पुढे होऊन थांबल्या, आणि ती आत जाईपर्यंत त्यांना गुडघ्याची कळ येत राहिली. मग वर गेलो.

"हात पुढे करा."

मी केले. लडी मनगटांवर चढली. गुंडा वळायला लागला.

"बस बंद झाल्या का हो तुमच्या?"

"बस चालू आहेत," मी म्हणालो. "मी बंद झालो."

त्यांचा हात थांबला नाही. "हं," म्हणाल्या. "डावा हात जरा वर धरा. ढील पडते आहे."

त्यानंतर रोज सकाळी मी त्यांच्याकडे जायला लागलो. मंडईतून मागच्या वाटेने, कोणाला दिसणार नाही असा. डबा तिथेच खायचो. नोकरीसाठी अर्ज तिथेच बसून करायचो. त्या एकदाही म्हणाल्या नाहीत की घरी सांगा. फक्त एकदा विचारलं, "यंदा स्वेटर तुमच्याकडचा घेऊ का? तो कंपनीचा?"

तो आदल्या वर्षीच्या दिवाळीत सगळ्यांना वाटला होता. करडा-निळा, छातीवर कंपनीचं नाव. नोकरी गेल्यापासून तो कपाटात मागे कोंबून ठेवला होता. मी आणून दिला. काकूंनी आधी छातीवरचं नाव उसवलं, एकेक अक्षर, चष्मा नाकावर सरकवून. मग म्हणाल्या, "मशिनचा आहे. धागा सलग निघायचा नाही, तुकडे पडतील. गाठी माराव्या लागतील."

"मग दुसरा घ्या ना कोणाचा."

"गाठी आतल्या बाजूला राहतात. देव काही टोपी उलटी करून बघत नाही."

ती सबंध टोपी माझ्या हातांवरून गेलेल्या लोकरीची. तुकडा संपला की काकू गाठ मारायच्या आणि पुढे वळायच्या. मी एकदा वैतागून विचारलं, "काकू, माझ्यासारख्याने यंदा देवाला काय सांगायचं? काही मिळालं असेल तर आभार. नोकरी गेली, याचे आभार कसे मानायचे?"

"तक्रार करा की. मी करतेच."

"आणि शेवटी बरं केलंस म्हणायचं?"

"म्हणायचं."

"पटलं नसताना?"

"आंबा मोहरला की आपण लगेच डब्यात रस शोधतो का?" मग म्हणाल्या, "हे गेले तेव्हा मी म्हटलं होतं. पटायला बरीच वर्षं गेली. काही दिवस अजूनही पटत नाही. पण त्याच्याकडे तोंड करून म्हटलं की निदान पाठ तरी फिरवलेली नसते."

मग टोपीचा दिवस उगवला. मी कंपनीची पिशवी लावूनच देवळात उभा राहिलो. टोपी देवाच्या डोक्यावर चढली. अण्णा लगेच म्हणाले, "वा! आमचा बाप्पा आयटीत लागला." सगळे हसले. वृंदा प्राजक्ताला कौतुकाने सांगत होती, "ह्यांनी नवाकोरा स्वेटर दिला हो देवाला. मी म्हटलं, केवढी भक्ती!"

सगळ्यांचं सांगून झालं. माझी पाळी आली. मी तोंड उघडलं. समोर करड्या-निळ्या टोपीतला गणपती, शेजारी वृंदा, हात जोडलेले. मी पिशवीचा पट्टा सारखा करत राहिलो.

"उरका, तुमची बस चुकेल," अण्णा म्हणाले.

काकू मध्ये आल्या. "ह्यांचा ऋतू अजून संपायचा आहे. संपला की सांगतील. गोंडा तोवर राहू दे."

त्या हिवाळ्यात आमच्या गणपतीची टोपी बिनगोंड्याची राहिली. येणारे-जाणारे विचारायचे. काकू सांगायच्या, "यंदा त्याला गोंडा टोचतो." गुरुजींनी सुद्धा विश्वास ठेवला.

माघात मला काम मिळालं. कोथरूडच्या एका शाळेच्या बस बघायच्या. मुलं आहेत, गोंगाट आहे, काम चांगलं आहे. मी घरी सांगितलं, हिंजवडीचा प्रवास नको झाला होता, म्हणून मीच ती नोकरी सोडली. वृंदाच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, किती दिवस म्हणत होते मी, शेवटी तब्येतीचा विचार केलात. त्या दिवशी तिने शिरा केला. मी तो खाल्ला. मग ती ही गोष्ट बोळात सगळ्यांना सांगू लागली, आणि लोक मला धाडसी म्हणायला लागले.

काकूंच्या कानावर हे गेलंच असणार. होळीनंतर देवाची टोपी उतरवून, धुऊन, त्यांनी ती माझ्याकडे दिली. कागदाच्या पुडीत गोंडा वेगळा. "सांभाळा. सुई-दोरा माझ्याकडे आहे. सांगून झालं की वर या, दोन टाके घालते."

"या आठवड्यात शाळेची गडबड आहे," मी म्हणालो. "पुढच्या आठवड्यात नक्की."

"या सवडीने. देवाला कुठे बस गाठायची आहे?"

पुढच्या आठवड्यातही गडबड होती. त्यानंतर परीक्षा होत्या. वैशाखात देवाला उटी लावून काकू वर गेल्या, दुपारी जरा पडते म्हणाल्या, आणि उठल्याच नाहीत. मी वर गेलो तेव्हा खुर्चीच्या पाठीवर लोकरीची एक लडी होती, वळायची राहिलेली. खोलीत पुष्कळ माणसं होती. कोणाचेही हात पुढे नव्हते.

आता आजचं. टोपी मी आणली होती, पुडी खिशात होती, सुई-दोरा वृंदाच्या डब्यातला आणला होता. गुरुजींनी टोपी देवाच्या डोक्यावर ठेवली. कानांशी ती बरोबर बसते, काकूंचं माप कधी चुकलं नाही. अण्णा म्हणाले, "देवा, बोळातली एकुलती एक बाई, जी मला गप्प बसवायची, ती नेलीस. बरं केलंस म्हणवत नाही. म्हणतो." आणि चष्मा पुसत बसले. प्राजक्ता म्हणाली, "देवा, घर लय आठवलं यंदा. पण इथं काकू भेटल्या. बरं केलंस."

मग वृंदा पुढे झाली. हात जोडून, डोळे मिटून म्हणाली, "देवा, ह्यांना वेळेवर ती नोकरी सोडायची बुद्धी दिलीस. बरं केलंस."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

मी देवाकडे बघितलं. करडी-निळी टोपी, बाहेरून एकसारखी. आत किती गाठी आहेत ते आता तिथे एका माणसालाच माहीत होतं. मला म्हणायचं होतं, देवा, मी नोकरी सोडली नाही, मला काढलं. मी चार-पाच महिने बायकोशी खोटं बोललो आणि त्यानंतर आजपर्यंत बोलतो आहे. त्या दिवसांत एका बाईने मला लपवलं, खाऊ घातलं, माझ्या रिकाम्या हातांना काम दिलं. बरं केलंस. एवढंच. सगळं पाठ होतं, वाक्यं क्रमाने लावलेली होती.

"शाळेची वेळ झाली," मी म्हणालो. "माझं नंतर."

"आणि गोंडा?" प्राजक्ताने विचारलं.

"तो शेवटी," वृंदा म्हणाली. "काकू म्हणायच्या ना."

शाल झाली. टोपी झाली. नैवेद्य, आरती झाली. गोंडा माझ्या शर्टाच्या खिशात आहे.