न भिजलेला दोरा

रुसका सिस्टरला माणसाच्या तोंडाआधी हात बघायची खोड होती. लग्नात नवरी अंगठी दाखवायला हात पुढे करायची आणि ही नखं बघायची. डॅन्यूब नदीकाठच्या त्या वृद्धाश्रमात तिची एकतीस वर्षं गेली, आणि त्यातली वीस वर्षं स्वच्छतेचा सगळा कारभार तिच्याकडे होता. कोपराखाली काही नको, हा तिचा कायदा. अंगठी नको, घड्याळ नको, बांगडी तर नाहीच. एका आचाऱ्याची लग्नाची अंगठी तिने साबण लावून उतरवायला लावली. पुढे त्याचं लग्न मोडलं तर गावाने खापर हिच्या डोक्यावर फोडलं. नवरा गेल्यापासून ती कडक झाली, असं तिथल्या बायका म्हणायच्या. ती आधीपासून तशीच होती. नवऱ्याला विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं.

एक मार्चला मात्र तिकडे प्रत्येकाच्या मनगटावर लाल-पांढऱ्या लोकरीचा पीळ चढतो. त्याला मार्तेनित्सा म्हणतात. समोरच्याचं आरोग्य चिंतून तो बांधायचा आणि करकोचा किंवा फुललेलं झाड दिसेपर्यंत काढायचा नाही. रुसकाची आई मिन्का आजी त्याच आश्रमात नऊ नंबरच्या खोलीत राहायची, वय शहाऐंशी. हिवाळाभर ती जुने स्वेटर उसवून सगळ्या कर्मचाऱ्यांसाठी दोरे वळायची. बाराच्या बारा मनगटांवर आजीचे दोरे, रुसकाच्याही. कोपराखाली काही नको हा कायदा या दोऱ्यालाही लागतो, हे वीस वर्षांत तिच्या डोक्यात आलं नाही. तपासणीला येणाऱ्या बाईंनीही कधी विचारलं नाही, कारण मार्चमध्ये त्यांच्याही हाताला दोरा असायचा.

त्या वर्षी सात मार्चला खालच्या मजल्यावर उलट्या-जुलाब सुरू झाले. तीन दिवसांत चौदा जण आडवे झाले. रुसकाने भेटी बंद केल्या, कपडे वेगळे उकळायला लावले, दारांच्या मुठी तासातासाला ब्लीचच्या पाण्याने पुसून घेतल्या. आईच्या खोलीत तर तिने कुणालाच पाऊल टाकू दिलं नाही. यांचा काय भरवसा, असं म्हणून सकाळ-संध्याकाळ दह्यात पाव कुस्करून आईला स्वतः भरवायची.

दहा तारखेला सकाळी मिन्का आजीलाही उलटी झाली.

रुसका तडक हात धुण्याच्या बेसिनपाशी जाऊन उभी राहिली. तिथे बिल्याना हात पुसत होती. ही दोन पोरांची आई, खालच्या मजल्यावर तीन वर्षं कामाला.

"हात दाखव."

"आत्ताच धुतले, सिस्टर."

"धुतलेस, की पाण्याला नुसते दाखवलेस?"

रुसकाची नजर दोऱ्यावर गेली. आजीच्या त्या लाल लोकरीचा रंग पहिल्याच साबणाला उतरतो, आणि शेजारचा पांढरा धागा गुलाबी होतो. बिल्यानाचा धागा नऊ दिवसांनंतरही दुधासारखा पांढरा होता.

"हा भिजला कसा नाही?"

"आजींनी इतक्या हौसेने वळलाय," बिल्याना ओशाळून म्हणाली. "रंग उतरला की वाईट दिसतं. म्हणून बोटांपुरतंच धुते. सगळ्याच तसं करतात."

सगळ्याच तसं करत होत्या. रुसकाने कात्री आणली आणि एकेकीला पुढे बोलावून अकरा दोरे कापले.

"अजून करकोचा आला नाही, सिस्टर," बिल्याना छातीवर क्रॉसची खूण करत म्हणाली. "असा मध्येच कापला तर अपशकुन होतो."

"अपशकुन होऊन गेलाय. नऊ नंबरमध्ये उलट्या काढतोय."

स्वतःचा दोरा तिने ठेवला. ती कोपरापर्यंत धुवायची, त्यामुळे तिला काळजी नव्हती. दुपारी तिने व्यवस्थापक ओग्न्यान यांना कागद लिहून दिला की आजार बिल्यानामुळे पसरला, तिला कामावरून काढावं.

संध्याकाळी आईने पेजेचे दोन चमचे घेतले आणि तोंड फिरवलं.

"कुणी आणलं गं हे माझ्यापर्यंत?"

"बिल्यानाने. हात धुवत नाही नीट. काढतायत तिला."

"बिल्याना?" आजीला बोलायला धाप लागत होती, तरी तिला हसू आलं. "ती आत आलीये कधी? दारातूनच ओरडते, आजी, आहात का? मी म्हणते, आहे बाई, घाई करू नकोस. आत तर तुझ्याशिवाय कुणी येत नाही, रुसके."

रुसकाने पेजेची वाटी खाली ठेवली. ती बेसिनकडे गेली, सवयीप्रमाणे बाही कोपरावर सारली, तिच्याबरोबर दोराही वर सरकवला आणि हात धुतले. मग बाही खाली ओढली तसा दोरा घरंगळत धुतलेल्या मनगटावर येऊन बसला. पांढराशुभ्र, पहिल्या दिवसासारखा. दहा दिवस तो प्रत्येक अंथरुणाला, प्रत्येक भांड्याला घासून या खोलीत आला होता आणि एकदाही पाण्याखाली गेला नव्हता. तिला लाज वाटली, पण त्याहून जास्त भीती वाटली.

"नळ बंद कर," आई मागून म्हणाली. "पाणी वाया जातंय."

त्या दिवशी तिने कुणाला काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. डॉक्टर सलाईन लावून गेले. चौदा तारखेला सकाळी मिन्का आजी गेली आणि पंधराला तिला पुरलं.

सोळा तारखेला रुसका काळ्या कपड्यांतच कामावर हजर झाली. ओग्न्यानच्या टेबलावर बिल्यानाला काढायचा कागद तयार होता. कर्मचारी भिंतीला टेकून उभे होते. बिल्यानाने कोट आधीच चढवला होता.

"तुम्ही आज यायला नको होतं," ओग्न्यान म्हणाले. "सही तेवढी करा आणि घरी जा."

रुसकाने पेन घेतलं नाही. तिने काळी बाही वर केली आणि मनगट बिल्यानापुढे धरलं.

"काप."

बिल्यानाने दोरा पाहिला, मग तिच्या तोंडाकडे. "राहू द्या, सिस्टर. आजींच्या हातचा शेवटचा आहे."

"म्हणूनच मला कापवत नाही. काप तू," रुसका म्हणाली, आणि ओग्न्यानकडे वळली. "तो कागद फाडा. नऊ नंबरमध्ये फक्त मी जात होते."