उत्तर ठमाबाईने दिलं

प्राप्ती माझ्या शेजारच्या घरात वाढली. तिचा बाप आणि मी उरणच्या मिठागरात एकत्र राबलो. मीठ ओढताना हात ढिला पडला की मिठात चिखल येतो, मग ते कुणी घेत नाही. बापाने पोरीला त्या कामाला लावलं नाही. ती नर्सिंग शिकली आणि जवळच्याच एका खासगी इस्पितळात अतिदक्षता विभागात लागली. रुग्णाचं अंग पुसणं, कूस बदलणं, लघवी मोजणं. तिने कुचराई केल्याचं कधी कानावर आलं नाही.

तिथे एक संगणक आहे. नाडी, रक्तदाब, श्वास तो यंत्रांकडून आपोआप घेतो. माणूस भानावर आहे की नाही, हे मात्र नर्सने विचारून भरायचं. सगळ्याचा मेळ घालून तो प्रत्येक खाटेला हिरवा, पिवळा किंवा लाल रंग देतो. लाल झाला की डॉक्टरने हातातलं सोडून तिथे यायचं. डॉक्टर एक आणि खाटा भरलेल्या, म्हणून रंग बघूनच धावपळ चालते.

आमच्यातला सदू तिथे दाखल झाला. मिठागरात पाय कापला, जखम चिघळली, विष रक्तात उतरलं. दुपारी भेटीच्या वेळेला त्याची बायको ठमाबाई आत गेली. तेवढ्यात प्राप्ती तपासायला आली.

“सदूकाका, तुमचं नाव सांगा बघू.”

“नाव काय इचारतेस गो त्यांना?” ठमाबाई म्हणाली. “तुझ्या बारशाचं जेवलेत त्ये!”

“काकी, विचारावं लागतं. काका, आपण कुठे आहोत?”

“दवाखान्यात, आनि कुठं?” परत ठमाबाईच बोलली. “वरातीत आलोत व्हय?”

शेजारच्या खाटेवरचा हसला. सदूही हसला. प्राप्तीने ‘भानावर, उत्तरं नीट’ असं भरलं आणि पुढच्या खाटेकडे गेली.

आमच्याकडे हे असंच. पाहुणा विचारतो नवऱ्याला, बोलते बायको, नवरा मान हलवतो. कुणाला खटकत नाही. प्राप्तीलाही खटकलं नाही. सदू स्वतः एक शब्द बोलला नव्हता. त्याचं भान तेव्हाच सुटत होतं.

भानाची नोंद नीट होती, म्हणून खाट लाल न होता पिवळीच राहिली. डॉक्टर ट्रेलरखाली सापडलेल्या एका ड्रायव्हरपाशी अडकले होते. संध्याकाळी सदूचा रक्तदाब कोसळला आणि मग खाट लाल झाली. डॉक्टर धावले, जे करायचं ते सगळं केलं. सदू दुसऱ्या दिवशी गेला.

दुपारी काय घडलं ते प्राप्तीने स्वतःहून डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, “वाचलाच असता असं नाही. पण वेळ मिळाला असता.”

दहावं झाल्यावर ती ठमाबाईकडे आली. मी ओट्यावर बसलो होतो. तिने काही न लपवता सगळं सांगितलं.

“मंजे मी बोलली म्हून?” ठमाबाईने विचारलं.

“नाही काकी. तुम्ही बोलणारच. तुम्हाला थांबवून काकांना बोलतं करणं माझं काम होतं. मी ते केलं नाही.”

ठमाबाई म्हणाली, “आता जा तू. परत येव नको.”

प्राप्ती उठली. मी तिला थांब म्हणालो नाही.

ती आजही तिथेच कामाला आहे. रुग्णाला विचारताना नातेवाइकांना खाटेपासून लांब उभं करते. गावातले म्हणतात, शिकली आणि माजली. ती असं का करते, हे ठमाबाईला ठाऊक आहे. पण ठमाबाई ते कुणाला सांगत नाही.