जगन्नाथकाकांच्या हातचं पाणी

लॉस एंजेलिसच्या उत्तरेला, सॅन फर्नांडो व्हॅलीतल्या एका सीनियर सेंटरमध्ये मी म्हाताऱ्या माणसांना हिंडवायची नोकरी करत होते. महिन्यातून एकदा बसमध्ये बसवायचं, कुठलंतरी म्युझियम नाहीतर बाग दाखवायची आणि जेवढे नेले तेवढे परत आणायचे. बसमधल्या निम्म्यांना ऐकू यायचं नाही आणि उरलेल्या निम्म्यांना ऐकायचं नसायचं. या गोतावळ्यात एकच मराठी माणूस होता, जगन्नाथकाका.

काका नागपूरच्या एका कापडगिरणीत आयुष्यभर मागावर उभे राहिलेले. अंगानं काटकुळे. व्हॅलीतल्या भाजून काढणाऱ्या उन्हातही त्यांचा तपकिरी स्वेटर उतरत नसे. मुलगा विवेक विमानाच्या कंपनीत इंजिनियर, सून उत्तरा बँकेत, नात रुपाली शाळेत. घरी एकटा म्हातारा काय करणार, म्हणून विवेक ऑफिसला जाताना त्यांना आमच्याकडे सोडायचा. काका खिडकीजवळची खुर्ची धरायचे आणि बोलावलं तरच बोलायचे. मला माणसं बोलती करायची खोड आहे. पण काकांपुढे माझी डाळ शिजत नसे.

विवेकच्या घराच्या पाटीवर आडनाव होतं 'जगन्नाथ'. बापाचं नावच आडनाव म्हणून लावलेलं. परदेशात मराठी माणसाला मराठी माणूस भेटला की तिसऱ्या वाक्याला, "म्हणजे मूळचे कुठले तुम्ही? आडनाव काय?" हे येतंच. विवेक हसून म्हणायचा, "आमच्याकडे असंच लावतात." आणि लोक त्याला आपापल्या मनाला पटेल त्या खान्यात बसवून मोकळे व्हायचे.

काकांची बायको कौसल्या त्यांच्याबरोबरच अमेरिकेत आली आणि दोन वर्षांत इथेच गेली. मी तेव्हा टेक्सासात होते. हकिगत सांगितली ती प्रतिमाकाकूंनी. मराठी मंडळाचे अध्यक्ष श्रीरामराव यांच्या त्या पत्नी. मंडळाला नावं ठेवायला मला मनापासून आवडतं, पण त्या वेळी या लोकांनी खरोखर जीव ओतला होता. श्रीरामरावांनी सॅन डिएगोहून गुरुजी आणले. प्रतिमाकाकूंनी कुठून कुठून दर्भ आणि काळे तीळ पैदा केले. तेराव्यापर्यंत पाळीपाळीनं डबे पोचवले. "सगळं यथासांग केलं गं," त्या म्हणाल्या, "पण म्हातारा दगडासारखा उभा. डोळ्यांत टिपूस नाही. एवढी वर्षं संसार केला ना तिच्याबरोबर?"

शहाऐंशी सालच्या शरदात आम्ही थाई बाजारांची एका दिवसाची सहल काढली. गाईड म्हणून सुपात्रा नावाची चाळिशीची थाई बाई आली. नाव ऐकून काका चक्क हसले. "आपल्याच गावची वाटते," म्हणाले.

आधी तिनं आम्हाला हॉलिवूडमधल्या थाई किराणा दुकानांतून फिरवलं. माशाच्या खारट पाण्याच्या बाटल्या, केळीच्या पानात बांधलेला भात, आल्याच्या थोरल्या भावासारखं दिसणारं एक मूळ. अळूची पानं आणि केळफूल पाहून मी तर गाईडचं ऐकणं सोडून पिशव्याच भरायला लागले. दुपारी ती आम्हाला व्हॅलीतल्या थाई देवळात घेऊन गेली. देवळाच्या मागच्या पार्किंगमध्ये रविवारचा बाजार भरतो. बायका शेगड्या पेटवून बसलेल्या, कोळशावर मांसाच्या काड्या भाजल्या जात होत्या, उखळात हिरव्या पपईची कोशिंबीर कुटणं चाललेलं. आणि एका आजीबाईंपुढे चक्क आप्पेपात्र! तांदळाच्या पिठाचे, नारळाच्या दुधाचे आप्पे. दोन द्रोण घेऊन मी काकांना शोधायला लागले, तर काका गायब. म्हातारं माणूस हरवलं म्हणजे माझी नोकरी गेली.

ते देवळात सापडले. गालिच्यावर मांडी घालून बसलेले, हात जोडलेले. समोर भगव्या वस्त्रातले भिक्खू पठण करत होते आणि काका त्यांच्याबरोबर म्हणत होते. चाल निराळी, उच्चार निराळे, पण शब्द तेच. त्रिशरण आणि पंचशील. आजूबाजूच्या थाई बायका वळून वळून पाहत होत्या. काकांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्यांना भान नव्हतं.

पठण संपल्यावर मी शेजारी जाऊन बसले. काका समोर पाहतच म्हणाले, "छप्पन सालच्या दसऱ्याले मी अन् कौसल्या नागपूरच्या त्या मैदानात होतो. पांढरी साडी नवी घेतली होती तिनं. तवापासून हेच म्हणत आलो आम्ही. नावं जुनी होती, थे राहू देल्ली." मग माझ्याकडे वळले. "तुले आता समजलं असंल, आम्ही कोण थे."

समजलं होतं. मी हातातला द्रोण पुढे करून म्हटलं, "काका, आप्पे खाणार?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि खदखदून हसले. "दे," म्हणाले.

आप्पे खाता खाता त्यांनी कौसल्या गेल्यापासून जवळजवळ वर्षभर साठलेलं सगळं बाहेर काढलं. "त्या लोकायनं वाईट नाई केलं, पोरी. प्रेमानं केलं. पण जे सोडून आम्ही बाहेर पडलो, तेच तिच्या उशाशी म्हटलं गेलं. अन् मी पोराच्या तोंडाकडे पाहून गप्प राहिलो. तिले तिचे शब्द नाई भेटले."

मी सुपात्राला बोलावलं. ती म्हणाली, यात अवघड काहीच नाही. वर्ष होईल त्या रविवारी या. भिक्खूंसाठी जेवण आणा. ते पठण करतील आणि काका एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात सावकाश पाणी ओततील. ते पुण्य गेलेल्या बाईंना पोचतं. पाणी ओतणाऱ्याला घरच्यांनी हात लावायचा असतो. मागच्यांनी त्यांना हात लावायचा, म्हणजे सगळ्यांचा वाटा होतो. मी ते मराठीत सांगितलं.

"हात लावायचा?" काकांनी विचारलं.

"हो."

"सगळ्यायनं?"

"सगळ्यांनी, काका."

काकांनी आपल्या तळव्यांकडे पाहिलं. मग म्हणाले, "विवेक आला पायजे. मायचा एकुलता एक लेक हाय. त्याचा हात पायजे."

दुसऱ्या दिवशी विवेक न्यायला आला तेव्हा मीच विषय काढला. त्याचा चेहरा पडला. त्यानं मला बाजूला घेतलं. "शैलाताई, प्लीज, मंडळात यातलं काही बोलू नका."

"मी कशाला बोलू? पण तू का भितोस? ही अमेरिका आहे."

"अमेरिका आहे म्हणूनच," तो म्हणाला. "इंजिनियरिंगच्या होस्टेलला मेसमध्ये एक दिवस आडनाव कळलं आणि दुसऱ्या दिवशी माझं ताट वेगळं. कुणी काही बोललं नाही. फक्त ताट वेगळं. इथे आल्यावर पहिल्यांदा मी रिलॅक्स झालोय, ताई. रुपालीला तर काही माहीतच नाही. तिला का सांगायचं? व्हाय शुड शी कॅरी ऑल धिस?"

मला त्याचा राग आला होता, पण ते वेगळ्या ताटाचं ऐकल्यावर जिभेवर आलेलं गिळलं. तो म्हणाला, "मी येतो. आईसाठी येतो. मीच बाबांना ड्राइव्ह करून आणतो."

त्या रविवारी काका स्वेटर न घालता आले. पांढरा सदरा, पांढरं धोतर. हातात खिरीचं पातेलं, खीर पहाटे उठून स्वतः केलेली. रुपाली प्रश्न विचारील म्हणून उत्तरा तिला घेऊन घरीच थांबली होती. विवेकनंही पांढरा शर्ट घातला होता. मला बरं वाटलं. सुपात्रा दारात उभी होती, काकांनी चपला काढल्या आणि आत गेले. विवेक बुटाचे बंद सोडायला वाकला.

तेवढ्यात बाजाराच्या बाजूनं ओळखीचा आवाज आला. "अगं, ही पानं वडीची नाहीत, भाजीची आहेत!" श्रीरामराव आणि प्रतिमाकाकू. अळूची पानं मिळतात ही बातमी व्हॅलीतल्या मराठी घरांत पोचायला काय वेळ लागतो! त्यांनी आम्हाला अजून पाहिलं नव्हतं. विवेक वाकलेला तसाच थांबला. मग त्यानं सोडलेला बंद पुन्हा बांधला.

"विवेक," मी म्हटलं.

"तुम्ही व्हा पुढे. मी येतो," तो म्हणाला, आणि खांबाच्या आडोशाला सरकला.

आत भिक्खूंनी सुरुवात केली होती. काकांपुढे पितळेची दोन छोटी भांडी. सुपात्रानं खूण केली तसं काकांनी एक भांडं उचललं, पण ओतेनात. ते दाराकडे पाहत होते. पठण पुढे चाललं. शेवटी सुपात्रानंच त्यांच्या डाव्या कोपराला हात लावला. आप्पेवाल्या आजीबाईंनी तिच्या खांद्याला, आणखी कुणी आजीबाईंच्या पाठीला. बघता बघता अनोळखी बायकांची साखळी भिंतीपर्यंत गेली. माझा हात काकांच्या डाव्या दंडावर होता. उजवी बाजू त्यांनी मोकळी ठेवली होती, तिथे कुणी येऊ लागलं तर ते मानेनं नको म्हणत होते. मग ते पाणी ओतायला लागले. धार बारीक, सगळं पाणी संपायला खूप वेळ लागला. काका जेवढी सावकाश ओतता येईल तेवढी ओतत होते. ते का, हे मला कळत होतं, आणि माझ्यानं दाराकडे बघवेना.

पाणी मग बाहेर नेऊन झाडाच्या बुंध्याशी घालायचं असतं. काका भांडं दोन्ही हातांत धरून बाहेर आले, आणि नेमक्या त्या झाडाखाली प्रतिमाकाकू पिशव्या ठेवून उभ्या. शेजारी श्रीरामराव, आणि आता लपायला जागा नसलेला विवेक.

"अरे, काका! तुम्ही इथे? आणि विवेक सांगतोय की सहज आलो!" काकूंनी पितळेचं भांडं पाहिलं, काकांचे पांढरे कपडे पाहिले, देऊळ पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर भक्तिभाव उमटला. "तीर्थ आहे का? द्या ना." डोक्यावर पदर घेतला, डाव्या हातावर उजवा ठेवला, आणि तळव्याची खोलगट वाटी करून काकांपुढे धरली.

काका हलले नाहीत. आधी त्या तळव्याकडे, मग विवेककडे पाहिलं. मी शपथेवर सांगते, त्या नजरेत राग नव्हता. ते वाट पाहत होते. बोल, एवढंच त्यांना म्हणायचं होतं. तू बोल.

विवेकनं घड्याळ पाहिलं. "बाबा, चला. उशीर होतोय."

"हे कोणाले देत नसतात, बाई," काका हळूच म्हणाले. खाली बसले, पाणी बुंध्याशी ओतलं आणि ते मातीत मुरेपर्यंत तिथेच बसून राहिले. काकूंनी ओशाळून हात मागे घेतला. "असं होय! यांच्यात वेगळं असेल," त्या नवऱ्याला म्हणाल्या. यांच्यात म्हणजे थाई लोकांत.

पुढच्या आठवड्यात सेंटरवर मी काकांना विचारलं, काकूंना पाणी का नाही दिलं? "तिनं मागितलं तवा जीव भरून आला," ते म्हणाले. "आमच्या बापाच्या हातचं पाणी कोणी पेलं नाई. देऊ वाटलं. पण कोणाच्या हातचं मागते, हे तिले माहीत नव्हतं. माहीत असून मागितलं असतं तर देल्लं असतं."

त्याच हिवाळ्यात काका नागपूरला परत गेले आणि वर्षाच्या आत तिथेच वारले. निघायच्या आदल्या दिवशी मला भेटायला आले होते. अंगात पुन्हा स्वेटर. मी चिडले होते. "विवेक काही बोलला का? त्या दिवसावरून?"

"नाई. पोट्टा चांगला हाय माहा. त्या दिवसापासून रोज पाय दाबून देते, मान खाली घालून. जेवत नाई धड."

"मग कशाला जाता? इथे देऊळ सापडलंय, भिक्खू आहेत, सुपात्रा आहे. मी आहे."

काकांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "मी इथं मेलो, तर ते लोक पुन्हा धावत येतीन, पोरी. दर्भ घेऊन येतीन, डबे घेऊन येतीन. प्रेमानंच येतीन. अन् माह्या पोराले पुन्हा एकदा गप्प उभं रायावं लागंल. एकदा मायच्या वक्ती झालं. दुसऱ्यांदा थे त्याच्यानं नाई होणार."