शेजाऱ्यांची आई आली तेव्हा

आमच्या शेजारी हातमागावर लुगडी विणणारे एक तेलुगू गृहस्थ राहत. निजामाच्या मोगलाईतून ते लहानपणीच काकांबरोबर सोलापुरात आले होते. वाक्य मराठीत सुरू करत, मध्येच तेलुगूत शिरत आणि शेवटी "व्हय की न्हाय, मास्तर?" असं विचारून ते माझ्यावर सोडून देत. त्यांच्या मराठीत आई, बायको, म्हैस, सगळे पुरुषच असत.

एकदा गावाहून त्यांची म्हातारी आई आली. दोनच दिवसांनी ते उतरल्या चेहऱ्याने आमच्या ओट्यावर येऊन बसले.

"माझा आई रडला, मास्तर. मी बोललेलं त्याला निम्मं कळत न्हाय. माझं पोरगं कुटं गेलं, म्हनला."

जरा वेळाने ते उठून गेले.

दुसऱ्या दिवसापासून त्यांचा माग दुपारी बंद राहू लागला. एरवी जेवायलाही नाखुशीने उठणारा हा माणूस आईसमोर मांडी घालून बसे. तांब्या, सूप, चूल, जे दिसेल त्याकडे बोट दाखवून तेलुगू नाव विचारी. ती सांगे, ते घोकत. चुकले की ती पाठीत हलकेच धपाटा घाली आणि दोघंही हसत.

महिन्याने ती परत निघाली. टांग्यात बसल्यावर ती त्यांना काहीतरी म्हणाली, तसे ते तोंड फिरवून डोळे पुसू लागले.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"लई तरास घेतलास, आता बास, म्हनला. पुढच्या बारीला मीच मराठी शिकून येतो, म्हनला."