गिरणीवाल्याचा पुत्र

नोकरीच्या मुलाखतीत बाईंनी इंग्रजीत ‘स्वतःबद्दल सांगा’ म्हटलं, तेव्हा मी खुर्चीतून उठलो, वडिलांचं नाव, नदीचं नाव आणि गावाचं नाव सांगितलं, आणि कमरेत वाकलो.

मी जे इंग्रजी बोललो, त्याचं प्रामाणिक मराठी असं होईल : ‘मी अमुक, गिरणीवाल्या अमुकांचा पुत्र, वर्धातीरीच्या ग्रामाचा रहिवासी, आपल्या सेवेस सादर आहे.’ कंपनी हडपसरची. थंडगार काचेची खोली, समोर बाई आणि त्यांच्याशेजारी लॅपटॉपमध्ये डोकं घातलेला एक तरुण. त्याने डोकं वर काढलं.

यात माझा दोष अर्धाच. उरलेला त्या पुस्तकांचा. राजे, पंखवाले राक्षस, हरवलेली सिंहासनं, अशी ती जाडजूड मालिका आणि तिच्यावरचे सिनेमे. अप्पा बळवंत चौकातल्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांत पहिला भाग नव्हता, म्हणून मी दुसऱ्यापासून सुरुवात केली. त्यामुळे सगळे कोणासाठी रडताहेत, हे मला बरेच महिने कळलं नव्हतं. पण वाचत राहिलो. हडपसरपुढच्या मांजरी गावात मी राहायचो, तिथल्या खोलीवर रूममेटच्या लॅपटॉपवर सिनेमा लावायचा, खाली इंग्रजी अक्षरं ठेवायची, एक वाक्य झालं की थांबवायचं आणि हातात झारा घेऊन तेच वाक्य मोठ्याने म्हणायचं. खाली घरमालकीणबाई राहायच्या. जिथे त्यांचा ऊस होता तिथे आता त्यांची बिल्डिंग होती. त्या जिन्यातून ओरडायच्या, “काय रं, वर रोज कुनाला मारताय?”

अशा रीतीने तलवारीला पाच शब्द मला येत होते आणि भेंडीला एकही नाही.

मला ती माणसं इतकी जवळची का वाटली, हे तेव्हा कळत नव्हतं. आता वाटतं, त्यांच्यात कोणीही आलं की आधी बापाचं नाव सांगायचं, मग गावाचं. आमच्याकडेही तेच. पारावर कोणी विचारलं, “कोनाचा रे तू?” तर स्वतःचं नाव सांगणारा मूर्ख ठरतो. पुण्यात आल्यावर मात्र मी गाव लपवायला शिकलो. सुरुवातीला चहाच्या टपरीवर फोनवर ‘येतोय’ म्हणायच्या जागी आमच्याकडचं ‘येऊन राहिलो’ म्हणालो, तर शेजारच्या गृहस्थांनी अतिशय आदराने विचारलं, “आपण येऊन राहिलात की नुसतेच आलात?” त्या दिवसापासून मी मराठीसुद्धा जपून बोलू लागलो. इंग्रजी शिकायचं ते त्यासाठीच. नोकरीसाठी तर होतंच, पण इंग्रजीत मी कुठला हे कोणाला ओळखता येणार नाही, असा माझा बेत होता. आणि इंग्रजीत तोंड उघडायची पहिली संधी मिळाली, तेव्हा मी सगळ्यात आधी गावच सांगून बसलो.

नोकरी लागणं गरजेचं होतं. वडील म्हणाले होते, दिवाळीपर्यंत बघ, नाही तर परत ये, गिरणी आहेच. आणि आकाशकंदील दुकानांत लागले होते.

“बसा,” बाई म्हणाल्या. “पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता?”

माझ्या मालिकेत पाच वर्षांचा विचार कोणीच करत नाही. तिथे उद्या सकाळी लढाई असते. मी म्हणालो, “आयुष्य उरलं, तर आपल्याच सेवेत.”

तरुणाने खोकल्याचं निमित्त केलं. बाई मात्र हसल्या नाहीत. म्हणाल्या, “समजा, मी ग्राहक. माझा कॉम्प्युटर सुरू होत नाही. फोनवर मला मदत करा.”

“भिऊ नका,” मी म्हणालो. राक्षस मारायची सगळी वाक्यं तयार होती, कॉम्प्युटर सुरू करायचं एकही नव्हतं.

मग गिरणी आठवली. वडील बाजाराला गेले की गिरणीवर मी बसायचो, आणि मी बसलो की ती बंद पडायची. डबे घेऊन बायका ताटकळत उभ्या. मी घाबरून फोन करायचो. वडील रागवायचे नाहीत, एका वेळी एकच गोष्ट विचारायचे. दिवा लागला का? नाही? बरं, खटका वर हाय का खाली? मी सांगेपर्यंत ते थांबायचे.

मी बाईंना विचारलं, दिवा लागला का? त्या म्हणाल्या, नाही. मी थांबलो. मग विचारलं, वायर नीट बसलीय का? बटण चालू आहे का? तीन-चार शब्दांची लहान लहान वाक्यं, एकातही राजा नाही. प्लग, स्विच, वायर, फ्यूज : हे सगळे शब्द तर आमच्या गिरणीत आधीपासून होते. ते इंग्रजी आहेत, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

बाईंनी पेन खाली ठेवलं. “घेऊ तुम्हाला,” त्या मराठीत म्हणाल्या. “पण पहिले काही महिने ग्राहकांशी फक्त टाइप करून बोलायचं. फोनला हात लावायचा नाही. आणि ‘भिऊ नका’ कोणालाही म्हणायचं नाही, लोक भितात.”

बाहेर येऊन बसस्टॉपवरूनच वडिलांना फोन लावला. मागे गिरणीचा पट्टा फडफडत होता, त्यामुळे ओरडून सांगावं लागलं. नोकरी लागली, हे सांगितलं. मग म्हटलं, “बाबा, मुलाखतीतल्या बाईंपुढे आधी तुमचं नाव घेतलं. गावाचंही.”

“त्यायले माह्या नावाचं काय करायचं हाय?” वडील म्हणाले.

“अहो, आणि शेवटी गिरणीच कामाला आली.”

तिकडे कोणाचा तरी डबा खाली ठेवल्याचा आवाज झाला.

“लागली ते बरं झालं,” ते म्हणाले. “मले दिवाळीची धास्तीच होती. गिरनीवर तू कोनाच्याच कामाचा नव्हता.”