सरांच्या फ्लेक्सचं पुढं काय झालं

दौंडच्या फलाटावर अब्बांनी माझी बॅग खाली ठेवली आणि बाकाच्या लोखंडी पायावर बोटाच्या पेरानं दोनदा वाजवलं. "चिरलाय ह्यो. दुसऱ्या बाकावर बस," म्हणाले. बिलासपूरची गाडी यायला अजून वेळ होता. दिवेलागण झाली होती. अम्मी काष्टीहून आलीच नव्हती. "मी आले तर तिला जाऊच द्यायची न्हाई," असं तिनंच सांगून टाकलं होतं. अब्बांनी बाजरीच्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी माझ्या मांडीवर ठेवली, आणि गाडी हलेपर्यंत आमच्यात एवढंच बोलणं झालं की पोचल्यावर फोन कर.

तुम्ही जे काष्टीत राहिलात, आणि तुम्ही जे माझ्यासारखे नोकरीपायी कुठंकुठं जाऊन पडलात, त्या सगळ्यांना आज खरं सांगते. गाव सोडताना लोकांचे डोळे भरून येतात म्हणे. माझे दात आवळलेले होते. गाडीनं दौंड सोडलं तेव्हा माझ्या डोक्यात ना गाव होतं ना अम्मी, एकच माणूस होता. सावेडीतल्या स्पर्धा परीक्षांच्या क्लासचे सर.

आमचं आडनावच नालबंद. शनिवारी काष्टीच्या बाजारात बैल येतात, आणि अब्बा त्यांच्या खुरांना पत्र्या मारतात. बैल दोरानं पाडायचा, चारी पाय एकत्र बांधायचे, खूर तासायचा आणि पत्री ठोकायची. ठोकण्याआधी ते प्रत्येक पत्री हातोडीनं एकदा वाजवून बघतात. बद्द आवाज आला की बाजूला फेकतात. लहानपणी मी त्या फेकलेल्या पत्र्या उचलून डोळ्यांपुढं धरायचे आणि तडा शोधायचे. कधी दिसायचा, बहुतेक वेळा नाही. "डोळ्याला दिसंल तवा उशीर झाल्याला असतो," असं अब्बा म्हणायचे. बी.एस्सी.ला मी फिजिक्स-केमिस्ट्री घेतलं त्याचं मूळ तिथं आहे, कॉलेजात कुणाला ते सांगितलं नाही एवढंच.

पदवी झाली आणि गावातल्या सगळ्या पोरींसारखी मीही नगरला सावेडीत क्लासला गेले. एका हॉलमध्ये साठ पोरं, समोर माइक लावून सर. तलाठी भरा, पोलीस भरा, रेल्वेत भरायचं तर टी.सी. नाहीतर स्टेशन मास्तर. त्यापलीकडं रेल्वेत काही असतं हे त्या हॉलमध्ये कुणाच्या गावीही नव्हतं. मला मात्र जाहिरात शेवटच्या पानापर्यंत वाचायची खोड आहे. तिथं बारीक अक्षरात काय काय निघालं! दवाखान्यासाठी आहारतज्ज्ञ. हिंदी अनुवादक. मानसशास्त्राची पदवी घेऊन इंजिन चालवणाऱ्यांची परीक्षा घेणारे. बोटांचे ठसे ओळखणारे. आणि एका ओळीत, केमिकल अँड मेटलर्जिकल असिस्टंट. धातूचं शिक्षण नाहीतर फिजिक्स-केमिस्ट्रीची पदवी. काम काय, तर तेल, पाणी, रंग, रबर तपासायचं आणि लोखंड तपासायचं. मी ती ओळ चार वेळा वाचली.

फॉर्म भरला आणि त्याची प्रिंट वहीत ठेवली, ही माझी चूक. आमच्या क्लासात पद्धत होती, कोण काय भरतंय ते सरांना दाखवायचं. सरांनी माझ्या वहीतून प्रिंट काढली आणि माइकवर वाचली.

"असलं पद असतं का रे? कुणी ऐकलंय? ह्या बाईंना रेल्वेचं लोखंड तपासायचंय. बरोबरच आहे म्हणा, आडनाव काय, नालबंद! रेल्वेला आता नाल ठोकायच्या आहेत."

साठच्या साठ हसले. सर स्वतःच्या विनोदावर जरा जास्तच हसले. मी मान खाली घातली आणि दाराकडं बघितलं, तर दारात अब्बा उभे. हातात डबा. अम्मीनं मटणाचा रस्सा दिला होता म्हणून एस.टी.नं आले होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. डबा त्यांनी चपलांच्या रॅकवर ठेवला, वळले आणि जिना उतरून गेले. 

त्या दिवशी मी क्लास सोडला. मरू दे तो क्लास. श्रीगोंद्याच्या वाचनालयात बसून अभ्यास केला, आणि झोप आली की सरांचं ते हसणं आठवायचे. झोप उडायची. देवाशप्पथ, कुणाचं प्रेम माझ्या एवढं उपयोगी पडलं नसेल.

बिलासपूर. परीक्षा निघाली आणि नेमणूक मिळाली ती इथल्या रेल्वे वर्कशॉपला. पहिले सहा महिने मी चुकल्याचुकल्यासारखीच वावरले. सकाळी पोहे-जिलेबी, दुपारी भात, आणि भाकरी म्हटलं की शेजारच्या दीदी विचारायच्या, "वो क्या होता है?" क्वार्टरची चावी, हजेरीचं रजिस्टर, साहेबांचं "रुबीना जी". वर्कशॉपमध्ये मी टेस्टिंगवाली मॅडम. डब्याच्या दोन चाकांना जोडणारा लोखंडी आस असतो ना, त्याच्या टोकाला तेल लावायचं, यंत्राचा छोटा डबीएवढा तुकडा त्यावर टेकवायचा, आणि पडद्यावर बघायचं. कानाला ऐकू न येणारा आवाज लोखंडातून जातो आणि परत येतो. आत तडा असेल तर तो मधूनच परततो, पडद्यावर नको तिथं टोक उभं राहतं. पहिल्यांदा तसं टोक दिसलं तेव्हा मी खडूनं त्या आसावर फुली मारली. बाहेरून तो आस नवाकोरा, गुळगुळीत. माझ्या मनात आलं, सर, तुम्ही असेच आहात. त्या दिवशी अब्बांना फोन करून सांगितलं तर म्हणाले, "म्हंजी आपलंच काम. फकस्त हातोडी महागाची." मग त्यांनी माझ्या पदाचं नाव तीन वेळा म्हणायला लावलं. मला वाटलं फोनला रेंज नसेल.

तीन वर्षं मी सूड रचला. क्वार्टरमध्ये कपडे वाळत घालताना सुद्धा मनातल्या मनात सरांशी भांडायचे. आणि एके दिवशी चक्क त्यांचाच फोन. "बेटा, आपल्या यशस्वी विद्यार्थ्यांचा गुणगौरव आहे. तुमच्याशिवाय शोभा नाही." काष्टीतल्या मैत्रिणीनं तेवढ्यात फोटोही पाठवला. क्लासच्या इमारतीवर भलामोठा फ्लेक्स. डावीकडं हाताची घडी घालून सर, उजवीकडं आम्ही बारकेबारके. माझा फोटो प्रवेशअर्जावरचा, खाली लिहिलेलं, 'रेल्वेत उच्च पदावर, आमचीच विद्यार्थिनी'. माझं टाळकंच सरकलं. लगेच रजा टाकली.

अब्बांना बरोबर न्यायचंच असं ठरवलं होतं. त्यांच्यासमोर झालं ते त्यांच्यासमोरच फिटायला हवं होतं. ते येईनात. "कशाला उकरून काढती? झालं त्ये झालं. तू पोटाला लागलीस, बास." मला त्यांचा संताप आला. इतकं कसं गिळता येतं माणसाला? शेवटी अम्मीनं त्यांना इस्त्रीचा शर्ट घालायला लावला.

तोच हॉल, तोच माइक. शाल, नारळ, फेटा. सर म्हणाले, ही हिऱ्यासारखी मुलगी मी पहिल्याच दिवशी ओळखली होती. टाळ्या. मग माइक माझ्या हातात आला. पाठ केलेलं अख्खं भाषण होतं, पण तोंडून एवढंच निघालं, "सर, मी रेल्वेत काय करते ते पोरांना सांगा ना."

सर हसले. "मोठ्या पदावर आहात."

"कुठल्या?"

"अं... ते आपलं... कमर्शियलमध्ये ना?"

"नाही सर."

 सरांनी मागं उभ्या असलेल्या आपल्या माणसाकडं बघितलं, त्यानं खांदे उडवले. सरांच्या कपाळावर घाम आला आणि खरं सांगते, मला तो फार आवडला. तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून अब्बा उठले. माइक नाही, काही नाही.

"केमिकल अँड मेटलर्जिकल असिस्टंट," अब्बा म्हणाले. एकही अक्षर अडखळलं नाही. "चाकाच्या आसाला आतून तडा गेलाय का, त्ये बघती. मी तिचा बाप. नालबंद."

आणि बसले. मी माइकवर सांगितलं की ह्याच जागी, ह्याच माइकवर, सर म्हणाले होते असलं पद नसतं. आणि माझ्या आडनावावर काय म्हणाले होते तेही, शब्द न् शब्द. कुणीही हसलं नाही. "त्यामुळं मी ह्यांची विद्यार्थिनी नाही. माझा फोटो आत्ता उतरवा. आणि पोरांनो, जाहिरात शेवटच्या पानापर्यंत वाचा." शाल खुर्चीवर ठेवून मी उतरले.

फ्लेक्स खरंच उतरवला, आमच्यादेखत. आणि तिथं अब्बांनी माझी लाज काढली. क्लासच्या माणसाला म्हणाले, "टाकूनच देणार आसाल तर मला द्या. बाजारात उपयोगी पडंल." गुंडाळी काखेत मारून ते स्टँडपर्यंत आले. मी सगळा रस्ता घुश्शात. ज्याची पार इज्जत काढली त्याच्याच दारातून कापड मागून आणायचं? स्वाभिमान म्हणून काही असतो की नाही? एस.टी.त ते गुंडाळी मांडीवर आडवी धरून बसले.

नंतर चार महिन्यांनी रजेवर आले ती शनिवारी सकाळीच. बॅग घरी टाकून थेट बाजारात गेले. अब्बा एका खिलार बैलाला पत्र्या मारत होते. त्यांच्या डोक्यावर चार बांबूंना बांधलेलं सावलीचं कापड होतं, आणि वर बघितलं तर त्यात मी. फ्लेक्स खूर तासायच्या सुरीनं मधोमध कापलेला, माझी बाजू वर ताणलेली. पदाची ओळ खोडून ऑइलपेंटनं वाकड्यातिकड्या अक्षरात खरं नाव लिहिलेलं, सगळं मराठी लिपीत, एकही चूक नाही.

"आणि दुसरी बाजू?" मी विचारलं.

अब्बांनी खाली बोट केलं. पाडलेल्या बैलाखाली, शेणामुतात भिजलेले, हाताची घडी घातलेले सर होते.

"चार म्हयनं झालं," अब्बा म्हणाले. "दर शनवारी पंधरा-वीस बैल पाडतो." बैलानं शेपूट उचलली तसे ते जरा बाजूला सरकले आणि कितीतरी दिवसांनी मोकळं हसले. "मी काय इसारलो हुतो व्हय?"

तीन वर्षं मी समजत होते की हा राग माझ्या एकटीचा आहे, तो मी एकटीनं बिलासपूरला नेला आणि एकटीनं सांभाळला. लोक मला विचारतात, आता तुझं घर कुठलं? क्वार्टर की काष्टी? मी सांगते, काष्टी. माझा राग तिथं माझ्या माघारीही कुणीतरी दर शनिवारी न चुकता अंथरतं.